हाताने काढलेलं अ‍ॅनिमेशन मागे का पडलं? दोष कॉम्प्युटरचा की हिशेबाचा?

२४ जानेवारी २०२५ रोजी ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा अ‍ॅनिमेशनपट भारतातल्या थिएटरमध्ये लागला. सिनेमा नवा नव्हता, तो १९९२ मध्येच तयार झाला होता. जपानचे युगो साको आणि कोइची सासाकी यांच्यासोबत भारताचे राम मोहन त्याचे दिग्दर्शक होते. त्यातली चित्रं हातानं काढलेली होती. तेहतीस वर्षं जुना सिनेमा पाहायला लोक आले. मग असे सिनेमे बनणं का थांबलं?

एका मिनिटाला किती चित्रं लागतात?

सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात. हाताच्या अ‍ॅनिमेशनमध्ये साधारणपणे एक चित्र दोन फ्रेम वापरतात. म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, मिनिटाला ७२०. दीड तासाच्या सिनेमात एकच पात्र सतत हलतं ठेवायचं तर ६४,८०० चित्रं.

ही चित्रं एकटा माणूस काढत नाही. मुख्य अ‍ॅनिमेटर हालचालीच्या महत्त्वाच्या पोझ काढतो. त्यांच्या मधली चित्रं काढणाऱ्याला ‘इन-बिटविनर’ म्हणतात. मग रेषा स्वच्छ करणं, पारदर्शक सेलवर उतरवणं, रंगवणं आणि एकेक फ्रेम कॅमेऱ्यात टिपणं. इन-बिटविनर ही या कामातली पहिली पायरी. शिकाऊ मुलगा वरिष्ठांची चित्रं पुढ्यात ठेवून तिथेच तयार व्हायचा.

महाराष्ट्रात हे काम कसं सुरू झालं?

दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काडेपेटीतल्या काड्या हलवून दाखवल्या. पण सलग प्रशिक्षण सुरू झालं ते १९५६ मध्ये, मुंबईत. केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून फिल्म युनिट उभं राहिलं. शिकवायला आले क्लेअर वीक्स. भारतात जन्मलेल्या वीक्स यांनी डिस्नेत ‘बॅम्बी’सारख्या सिनेमांवर काम केलं होतं.

युनिटचा पहिला महत्त्वाचा चित्रपट होता ‘द बनियन डिअर’ (१९५७). त्याची गोष्ट जातककथेतली. छत्रपती संभाजीनगरहून शंभरेक किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या भिंतींवर जातककथाच रंगवलेल्या आहेत. चित्रांतून गोष्ट सांगायची ही जुनी परंपरा आता पडद्यावर हलू लागली होती.

१९७४ मध्ये विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ आला. भीमसेन यांच्या अ‍ॅनिमेशनची ही छोटी फिल्म दूरदर्शनमुळे घराघरात पोचली. राम मोहन हेही याच युनिटमध्ये घडले. पुढे त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला, ‘शतरंज के खिलाडी’मधलं (१९७७) अ‍ॅनिमेशन केलं. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मग बदललं काय?

१९९५ मध्ये भारतात कार्टून नेटवर्क आलं. त्याच दशकात परदेशी स्टुडिओंचं काम इथे येऊ लागलं, कारण इथली मजुरी स्वस्त होती. राम मोहन यांची कंपनीही दशकाच्या अखेरीस यूटीव्हीत सामील झाली.

कामाची वाटणी ठरलेली असायची. गोष्ट, पात्रं आणि स्टोरीबोर्ड तिकडे. मधली चित्रं आणि रंगकाम इकडे. पैसे तयार झालेल्या मिनिटांच्या हिशेबानं, आणि पात्रांचे हक्क काम देणाऱ्याकडे. मालिका कितीही गाजली, खेळणी आणि दप्तरं कितीही विकली गेली, तरी चित्र काढणाऱ्या स्टुडिओला ठरलेलेच पैसे.

अशा व्यवस्थेत चित्र ही फक्त खर्चाची बाब उरते. सॉफ्टवेअरमध्ये पात्राचे हात, पाय, तोंड वेगळे करून कठपुतळीसारखे हलवता येऊ लागले, तेव्हा पहिली कात्री इन-बिटविनरवर लागली. काम वेगानं होऊ लागलं, पण शिकण्याची पहिली पायरीच निघून गेली.

निर्णय कुठे झाला?

मोठा धक्का अमेरिकेतून आला. ‘द लायन किंग’ (१९९४) बनवणाऱ्या डिस्नेचे हातानं काढलेले काही सिनेमे २००० नंतर पडले, तर पिक्सारचे थ्रीडी सिनेमे चालले. प्रेक्षकांना आता थ्रीडीच हवं, असा निष्कर्ष व्यवस्थापनानं काढला. पडलेल्या सिनेमांच्या गोष्टींपेक्षा दोष पेन्सिलवर गेला. २००४ च्या सुरुवातीला फ्लोरिडातला स्टुडिओ बंद झाला. २००९ मध्ये ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’नं पुन्हा प्रयत्न झाला. पण हातानं काढलेला एकही मोठा सिनेमा तयार होत नसल्याचं २०१३ मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी भागधारकांच्या सभेत सांगितलं.

भारतात २००५ मध्ये व्ही. जी. सामंत यांचा टूडी ‘हनुमान’ चांगला चालला होता. तरी पुढची मोठी गुंतवणूक थ्रीडी ‘रोडसाइड रोमिओ’मध्ये (२००८) झाली. २०१२ मध्ये यूटीव्ही डिस्नेच्या मालकीची झाली. त्याच वर्षी आलेला, टूडीवर भर असलेला ‘अर्जुन: द वॉरियर प्रिन्स’ तिकीटबारीवर चालला नाही.

म्हणजे हा प्रकार संपला?

नाही. हायाओ मियाझाकी यांच्या ‘द बॉय अँड द हेरॉन’ला २०२४ मध्ये ऑस्कर मिळालं. तो मुख्यतः हातानंच काढलेला आहे. स्टुडिओ जिब्लीनं हे काम सोडलं नाही आणि ‘तोतोरो’सारखी पात्रं त्यांची स्वतःची आहेत. नुसती कला जपून भागत नाही, हक्कही जवळ असावे लागतात.

इकडे फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये एनएफडीसीत विलीन झालं. मुंबईत पेडर रोडच्या त्याच आवारात जुलै २०२५ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीजचं उद्घाटन झालं. सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळानं अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरणही मंजूर केलं.

चित्र काढणाऱ्या हातांची राज्यात वानवा नाही. एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट परीक्षांना दरवर्षी शाळाशाळांतून मुलं बसतात. छत्रपती संभाजीनगरात शासकीय कला महाविद्यालय आहे. प्रश्न पुढचा आहे: ही मुलं दुसऱ्यांच्या पात्रांची मिनिटं भरणार, की स्वतःच्या पात्रांची मालक होणार? नव्या धोरणाचा पैसा यातल्या कोणत्या कामाला जातो, ते पाहिलं की उत्तर मिळेल.