येरवड्याची वाट

आपल्या घोडनदीहून सुटलेली एस. टी. नगर रस्त्याने येते आणि येरवड्यावरूनच पुण्यात शिरते. लहानपणी गाडीत कोणी वेड्यासारखे वागले, की वडीलधारी माणसे हसून म्हणत, "ह्याला इथेच उतरवा!" दौंडची मंडळी आगगाडीने जात, पण थट्टा तिकडेही हीच. भीमेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, येरवडा म्हणजे वेड्यांचे इस्पितळ, एवढेच आम्हांस ठाऊक.

ह्या थट्टेने किती बायकांची तोंडे बंद केली असतील! झोप उडाली, रडू आवरेना, नवराबायकोत बोलणे उरले नाही, तरी "मी काय वेडी आहे?" ह्या प्रश्नापाशी पाऊल अडले. अंगारेधुपारे झाले, नवस झाले. पण मनातले कोणापाशी बोलणे झाले नाही.

ही भीती अगदीच निराधार नव्हती. १९१२ च्या कायद्याने मनोरुग्णास बहुधा दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने दाखल करीत. त्यातून येरवड्यास तुरुंगही असल्याने लोकांच्या मनात दोन्ही वास्तू एकच होऊन बसल्या.

परंतु मनाचे शास्त्र त्या भिंतींबाहेरही वाढत होते. १९३७ साली मुंबईस टाटांच्या समाजकार्य विद्यालयाने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढले. १९५० साली पुणे विद्यापीठात प्रा. वि. कृ. कोठुरकर ह्यांच्या नेतृत्वाखाली मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला.

आणि गंमत अशी, की आपणां बायकांना जवळची वाटावी अशी वाट येरवड्याच्या त्याच आवारातून निघाली. तेथील मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट ह्यांनी १९८६ साली तेथे 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे ह्यांचे साहाय्य त्यास लाभले. व्यसनी पुरुषाबरोबर त्याची पत्नीही होरपळते, हे ओळखून तेथे पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालू झाला. दारू त्याची, पण धास्ती, लाज आणि संताप तिचा; तिलाही आधार हवा, ही केवढी मोठी गोष्ट! एकट्या माणसाचे नव्हे, सबंध घराचे दुखणे पाहावयाचे, हेच कौटुंबिक उपचाराचे सार होय.

कायदाही हळूहळू बदलला. १९८४ च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालये आली आणि त्यांत समुपदेशकांस स्थान मिळाले. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरला. रुग्णाची माहिती गुप्त राखणे हेही बंधनकारक झाले.

मानसशास्त्रज्ञ करतो तरी काय? तो औषधे लिहून देत नाही. ते काम मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचे. तो तासभर निवांत ऐकतो, नेमके प्रश्न विचारतो, विचारांची नि वागण्याची गाठ कोठे बसली ते दाखवितो. कधी एकटीशी बोलतो, कधी दोघांना समोरासमोर बसवितो, कधी सासू, मुले अशा साऱ्यांना बोलावितो. एका बैठकीत सारे सुटत नाही. काही आठवडे जावे लागते. मात्र घरात मारहाण होत असेल, तर दोघांना एकत्र बसविण्याआधी तिची सुरक्षितता पाहावी. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे.

पुण्यास जाणे सर्वांनाच जमते असे नाही. २०२२ पासून सरकारची 'टेली मानस' ही सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक फिरविला, की रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येते. पैसे पडत नाहीत.

आपल्या मंडळात हळदीकुंकू होते, भिशी होते, पाककृतींची देवाणघेवाण होते. एखादी मैत्रीण गप्प गप्प दिसली, तर तिच्याजवळ बसून विचारणे, आणि लागल्यास तिच्यासोबत एस. टी.त बसणे, हेही मंडळाचेच काम. येरवडा आला, की आता कोणी हसू नये. उतरणारीचा हात धरून आपणही तिच्याबरोबर उतरावे.