खिशात मावणारे गाणे

श्रीवर्धनच्या माणसाने इतिहासावर लेखणी उचलली की वाचक सावरून बसतात. त्यांना वाटते, आता हा बाळाजी विश्वनाथांपासून सुरुवात करणार. त्यात त्यांची चूक नाही. आमच्या गावच्या भटांच्या घरातला हा माणूस १७१३ साली पेशवा झाला, आणि तेव्हापासून गावातला प्रत्येकजण आपली पेशवाई थोडक्यात हुकल्यासारखा चेहरा करून फिरत असतो. पण मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर, त्यातून बँकेतला कारकून. इतिहासात मला पस्तिसाच्या वर गुण कधी मिळाले नाहीत आणि त्या पस्तिसांतही मास्तरांचा दयाळूपणा मोठा होता. तेव्हा लढाया आणि तह मी इतरांवर सोपवतो. मी लिहिणार आहे तो इतिहास गिऱ्हाइकाच्या आशेचा.

ही आशा मी काउंटरच्या जाळीतून वीसएक वर्षे पाहात आलो आहे. गिऱ्हाइकाला आज बँकेत जे मिळते ते कधीच नको असते. त्याला पुढल्या वर्षी येणारी योजना हवी असते. गाणी वाजवणाऱ्या यंत्रांचेही तसेच. गेली शंभर वर्षे माणूस दुकानदाराला एकच प्रश्न विचारतो आहे : ‘याच्यापेक्षा लहान, याच्यापेक्षा जास्त वाजणारं कधी येणार?’

आमच्या घराण्यात हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो आजोबांनी. एका वर्षी सुपारीला भाव बरा आला. आमची श्रीवर्धनी रोठा सुपारी म्हणजे आमचे सोने. त्या पैशातून आजोबांनी मुंबईहून चावीचा फोनो आणला, आगबोटीने आणि पुढे मचव्याने. तो कर्ण्याचा नव्हे, पेटीचा. झाकण लावले की बॅगेसारखा उचलता येणारा. उचलता येणारा हे कंपनीचे म्हणणे. प्रत्यक्षात तो उचलला की आजोबा दोन दिवस कंबर शेकत बसत.

तोवर हिंदुस्थानात तबकड्या चांगल्याच रुळल्या होत्या. १९०२ साली फ्रेड गेसबर्ग नावाचा साहेब कलकत्त्याला येऊन गौहर जानचे गाणे भरून घेऊन गेला. ही बाई गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव सांगायची. कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला लेबल कुठले लावायचे ते कळायला नको? गाण्याखाली सही केल्याशिवाय ते पास होत नाही, हे पाहून माझ्यातल्या कारकुनाला गहिवरून येते.

पण एका बाजूला गाणे मावायचे जेमतेम तीन मिनिटे. दर बाजूला चावी फिरवा, सुई बदला. वीस गाणी ऐकायची तर दहा तबकड्या, आणि त्या पडल्या की कौलासारख्या फुटणार. तरी फोनो ओटीवर आला की अर्धी आळी पायरीवर येऊन बसे. आजोबा म्हणत, ‘पुढंमागं असं यंत्र निघेल बघा, चावी न देता वाजेल आणि काखोटीला मारून वाडीत शिंपण्याला नेता येईल.’ लोक हसत. पण आमच्या घराण्याची पहिली लेखी नसलेली मागणी ती हीच.

दुसरी मागणी आजीची. १९५५ सालच्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, आठवड्याला एक अशी छप्पन्न गीते. आळीत रेडिओ एकच, तोही मोटारीच्या बॅटरीवर चालणारा. आजी त्याच्यासमोर हात जोडून बसे. एकदा ऐन वेळी गाय व्यायली आणि आजीचे एक गाणे चुकले. पुढे ती गाय चौदा वर्षे जगली, पण आजीने तिला पुरती माफी दिली असे मला वाटत नाही. ‘चुकलेलं गाणं परत लावता येईल असा रेडिओ कधी येणार?’ हे तिचे मागणे. म्हणजे आजोबांना गाणे हवे तिथे हवे होते आणि आजीला हवे तेव्हा. पुढची पन्नास वर्षे जपानपासून अमेरिकेपर्यंत मोठमोठे इंजिनिअर राबले ते या दोन वाक्यांपायी. आमच्या घरी मात्र त्याचे श्रेय कुणी मागितले नाही.

आजोबांची मागणी आधी पुरी झाली. १९४७ साली अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, १९५४ मध्ये त्याचा पहिला रेडिओ बाजारात आला. सोनी कंपनीने १९५७ साली ‘खिशात मावणारा’ म्हणून एक रेडिओ काढला. तो नेहमीच्या सदऱ्याच्या खिशात काही जाईना. मग कंपनीने आपल्या विक्रेत्यांना जरा मोठ्या खिशाचे सदरे शिवून दिले, अशी गोष्ट त्या कंपनीच्या इतिहासातच सांगतात. यंत्र खिशाएवढे होईना, म्हणून खिसा यंत्राएवढा केला! आमच्याकडे याला ताळेबंद जुळवणे म्हणतात.

आमच्या घरी ट्रान्झिस्टर आला तो वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, लग्नात. त्याचा पोस्टातला परवाना अजून माझ्याकडे आहे. त्यावर जिल्हा ‘कुलाबा’. आमचा जिल्हा १९८१ साली रायगड झाला आणि रेडिओचा परवाना त्याच दशकात बंद झाला. गाणे ऐकायला सरकारची परवानगी लागत असे, हे माझ्या मुलीला अजून खरे वाटत नाही. त्याच्याही आधी बाळकृष्ण केसकर नावाचे आपले एक मराठी मंत्री १९५२ ते १९६२ दिल्लीत नभोवाणी सांभाळत होते. त्यांना सिनेमाची गाणी थिल्लर वाटत. त्यांनी ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. गिऱ्हाइकाने काय केले? काटा फिरवला आणि सिलोन लावले. तिथे अमीन सयानी बिनाका गीतमाला घेऊन बसलेच होते. शेवटी १९५७ साली सरकारने विविध भारती सुरू केली. गिऱ्हाइकाच्या आशेपुढे मंत्रालय नमले, अशी फार थोडी उदाहरणे इतिहासात सापडतात.

आत्याने एकदा ‘आपली आवड’ला कार्ड टाकले. नाव पुकारले गेले तेव्हा आत्या विहिरीवर. पण नाव आळीतल्या चार घरांत एकदम ऐकू आले आणि चारही घरांतली माणसे विहिरीकडे धावली. रहाट थांबला, आत्या हंडा टाकून पळाली आणि गाण्याचे शेवटचे कडवे तिने वाटेतल्या शेजाऱ्याच्या खिडकीखाली उभे राहून ऐकले. पुढे कितीतरी वर्षे ती म्हणे, ‘माझं गाणं.’

आजीच्या मागणीला उत्तर मिळाले १९६३ साली. फिलिप्स कंपनीतल्या लू ओटेन्स या डच इंजिनिअरने कोटाच्या खिशात मावेल असा लाकडाचा एक ठोकळा केला आणि सहकाऱ्यांना सांगितले, यंत्र एवढे झाले पाहिजे. त्यातून कॅसेट जन्मली. तो ऐतिहासिक ठोकळा कुठे आहे म्हणाल, तर एकदा वाटेत गाडीचे चाक बदलताना त्याने जॅकखाली लावला आणि तो गेला. मला हा माणूस फार आपला वाटतो.

आमच्याकडे कॅसेट आली ती समुद्रावरून. श्रीवर्धन-म्हसळ्याकडची कितीतरी घरे आखाती मुलखात नोकरीला. शेजारचे चाचा कुवेतहून सुट्टीवर आले की टू-इन-वन ओटीवर मांडत. त्यांच्याकडे कव्वाली, आमच्याकडे अभंग, पलीकडे कोळीगीते. तीन्हीसांजेला आळीत उभे राहिले की तिन्ही एकदम ऐकू येत. तिन्ही भाषांत एकच वाक्य ओरडले जाई, ‘जरा हळू लावा!’

१ जुलै १९७९ रोजी सोनीने वॉकमन काढला. मीही त्याच सालचा. आम्हा दोघांपैकी नाव कुणी काढले हे सांगायला नको. कंपनीच्या इबुकासाहेबांना लांबच्या विमानप्रवासात गाणे ऐकायचे होते, म्हणून ही खटपट. त्यांचे भागीदार मोरिता यांनी नमुना घरी नेला आणि कानाला लावून बसले. बायको वैतागली, तिला दाराबाहेर ठेवल्यासारखे वाटले. मोरितांना हे लागले. म्हणून पहिल्या वॉकमनला दोन जणांच्या कानांसाठी दोन भोके होती, आणि ऐकता ऐकता एकमेकांशी बोलता यावे म्हणून एक नारिंगी बटण. पुढे कळले की गिऱ्हाइकाला दुसरा माणूस नकोच आहे. मग ते बटण गेले, काही काळाने दुसरे भोकही गेले.

माझ्या वॉकमनला पहिल्यापासून एकच भोक होते. तो वॉकमनही नव्हता म्हणा, त्याचा लांबचा नातेवाईक होता. मामांकडे राहून मी मुंबईत बी.कॉम. करीत होतो आणि सुट्टीला एस.टी.ने घरी येई. पनवेलला सेल नवे असत. पेणपर्यंत गायिका गायिका असे. माणगावला तिचा आवाज बसू लागे आणि म्हसळ्याच्या वळणांवर ती बाप्या होऊन गाई. एकदा शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, ‘काय लागलंय रे?’ मी खुणेने ‘काही नाही’ म्हटले. तीन तासांच्या प्रवासात आम्ही पुढे बोललो नाही. उतरताना कळले, ते आजोबांच्या ओटीवर फोनो ऐकायला येणाऱ्यांपैकी एक होते.

पुढचा इतिहास भराभर सांगतो, कारण तो घडलाच भराभर. जर्मनीत गाणे पिळून लहान करायची विद्या निघाली, तिला १९९५ साली ‘एमपीथ्री’ नाव पडले. १९९८ साली कोरियात तिचा पहिला खिशातला पेटारा आला. त्यात बत्तीस एम.बी., म्हणजे अर्धा तास गाणी. नव्वद मिनिटांच्या कॅसेटवरून अर्ध्या तासावर येणे याला प्रगती म्हणतात. २३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलने आयपॉड दाखवला. हजार गाणी खिशात, किंमत ३९९ डॉलर. मी लगेच गुणाकार केला. त्या वेळच्या दराने एकोणीस हजारांच्या वर. एकोणीस रुपये गाण्याला धरा, तरी कारकुनाला परवडत नव्हते.

तरी आशेला पैसे पडत नाहीत. २००६च्या सुमारास आमच्या शाखेत चहाच्या वेळी एकच विषय असे : पुढच्या आयपॉडात काय हवे? कॅशियरना लाखभर गाणी हवी होती. मोजायची सवय. शाखाधिकाऱ्यांना तो पासबुकाइतका पातळ हवा होता. मला बदलता येणारी बॅटरी आणि आत रेडिओ हवा होता. इतकी हुशार यंत्रे, पण आयपॉडात रेडिओ यायला २००९ साल उजाडले. नानांच्या ट्रान्झिस्टरमध्ये तो आधीपासून होता. कोपऱ्यात व्हाउचरे शिवत बसलेले दप्तरीकाका म्हणाले, ‘त्याला भोंगा हवा.’

‘भोंगा कशाला? कानात घालायचं असतं ते.’

‘एकट्यानं ऐकायचं तर विकत कशाला घ्यायचं? मनात म्हटलं तरी होतं की.’

आम्ही पोट धरून हसलो. बाकीच्यांच्या सगळ्या मागण्या पुढे पुऱ्या झाल्या. पातळपणा आला, लाख गाणी आली, सिनेमासुद्धा आला आणि हे सगळे फोनने गिळले. मे २०२२ मध्ये आयपॉड बंद झाला. भोंग्याची मागणी तेवढी मागे राहिली होती, तीही २०१७ साली पुरी झाली. सारेगामाने, म्हणजे जुन्या ग्रामोफोन कंपनीनेच, ‘कारवाँ’ नावाची पेटी काढली. दिसायला तंतोतंत ट्रान्झिस्टर, आत पाच हजार गाणी आणि चांगला मोठा भोंगा. दप्तरीकाका निवृत्त झाले तेव्हा आम्ही वर्गणी काढून त्यांना तीच दिली.

आणि मग ३ जून २०२० आला. निसर्ग वादळ दुपारी आमच्याच किनाऱ्यावर चढले. टाळेबंदीमुळे माणसे घरात होतीच, आता छपरे घराबाहेर गेली. वारा थांबल्यावर नाना वाडीत गेले आणि परत येऊन आरामखुर्चीत बसले ते बोलेनात. आजोबांच्या हातच्या पोफळी एकावर एक आडव्या पडल्या होत्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाचसात वर्षे जातात, आणि नाना तेव्हा सत्तरीच्या पुढे. हा हिशेब करायला बँकेची नोकरी लागत नाही.

विजेचे खांब पडले, आमच्या आळीत वीज यायला कित्येक आठवडे लागले. दुसऱ्या दिवसापर्यंत फोन मेले. माझ्या फोनमध्ये दोन हजार गाणी होती, तीही त्याच्याबरोबर गेली. दप्तरीकाकांचा कारवाँ चार्जिंगवाचून गप्प. तिसऱ्या दिवशी बायकोने फळीवरून नानांचा ट्रान्झिस्टर काढला, टॉर्चमधले सेल त्यात घातले, आणि खरखर करीत आकाशवाणी बोलली. बातम्या लागल्यात हे कळायला आळीला फोन लागला नाही. चाचांच्या घरची माणसे आली, दप्तरीकाका आले. तोंडाला फडकी बांधून, अंतर राखून पायरीवर, अंगणात, पडलेल्या माडाच्या खोडावर पंधरावीस माणसे बसली. बातम्या संपल्या तरी कुणी उठेना. मग एक जुने भावगीत लागले. ते दोन ओळी ऐकू येई आणि दोन ओळी समुद्रात जाई. गेलेल्या ओळी लोक आपापल्या परीने भरून काढीत होते.

गाणे संपल्यावर नाना तीन दिवसांत पहिल्यांदा बोलले. ‘आवाज वाढव रे. मागं ऐकू येत नाहीये त्यांना.’ थोड्या वेळाने चाचांच्या मुलाला म्हणाले, ‘रोपं कुठं मिळतील, बघून ठेव.’

मी वाणिज्याचा माणूस, म्हणून इथे खातेवही मांडतो. जमेला : गाणे हवे तिथे, हवे तेव्हा, हवे तितके. खर्ची : पायरीवरची माणसे. ती कुणी हिसकावून नेली नाहीत. आम्हीच प्रत्येक नव्या यंत्राबरोबर एकेक वजा करत गेलो आणि मागण्यांच्या यादीत कधी लिहिली नाहीत, कारण ती फुकट मिळत होती. फुकटच्या वस्तूची नोंद ठेवायची नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.

परवा मुलीने विचारले, ‘बाबा, गाण्यांचं पुढचं यंत्र कसं हवं तुम्हाला?’ मी गंभीरपणे सांगितले : सेलवर चालणारे, पिळायला मोठे बटण असलेले, आणि आवाज निदान खालच्या पायरीपर्यंत पोचणारे.

वाडीतून रोपांना पाणी घालून आलेले नाना ओटीवर हात पुसत होते. म्हणाले, ‘आहे की फळीवर. सेल तेवढे आण येताना.’