ऋतूंचे कारण आणि पंचांगाचा वाद : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यात धामणगाव बढे हे गाव आहे. या परिसरातील कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष आजही सूर्यनक्षत्रांवर मोजले जाते. ७ किंवा ८ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागले की पेरणीची लगबग सुरू होते. ऋतू नक्षत्रांमुळे बदलतात, असा समज या व्यवहारातून सहज निर्माण होतो. ऋतूंचे खरे कारण मात्र पृथ्वीच्या कललेल्या आसात आहे. नक्षत्रांचा वर्षक्रम आणि ऋतूंचा वर्षक्रम यांत सूक्ष्म अंतर असून ते शतकानुशतके वाढत जाते. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात गाजलेल्या सायन-निरयन वादाच्या मुळाशी हेच अंतर होते. प्रस्तुत लेखात या वादाचा ऋतुविज्ञानाच्या अंगाने विचार केला आहे.

ऋतुनिर्मितीचे कारण :

पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा आणि दूर गेली की हिवाळा, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुस्थिती उलट आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्यापासून सर्वांत कमी, म्हणजे सुमारे १४.७ कोटी कि.मी. अंतरावर असते. जुलैच्या प्रारंभी हे अंतर सुमारे १५.२ कोटी कि.मी. होते. अंतर हेच कारण असते तर धामणगाव बढे येथे जानेवारीत उन्हाळा असता.

पृथ्वीचा आस तिच्या कक्षेच्या लंबाशी सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे. त्यामुळे वर्षातील काही महिने उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, तर काही महिने दक्षिण गोलार्ध. धामणगाव बढे २० ते २१ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान असल्याने तेथे २१ जूनच्या माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ८७ अंश उंचीवर असतो. २२ डिसेंबरला ही उंची जेमतेम ४६ अंश भरते. दिनमानही सुमारे १३ तास २० मिनिटांवरून ११ तासांच्या आत येते. तिरप्या किरणांची उष्णता अधिक क्षेत्रावर विखुरते आणि ती मिळण्याचा काळही घटतो. थंडीचे कारण हेच होय.

या गावी सूर्य मे आणि जुलै या दोन्ही महिन्यांच्या उत्तरार्धात एकेकदा डोक्यावर येतो. तरी मे महिना तापतो आणि जुलै सुसह्य असतो, कारण जुलैत आकाश ढगाळ व जमीन ओली असते. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते व समुद्रावरील बाष्पयुक्त वारे जमिनीकडे वळतात. म्हणजे पावसाळ्याचे मूळही अखेर आसाच्या कलातच आहे.

अयनचलन आणि दोन वर्षमाने :

आसाचा कल जवळपास तेवढाच राहतो, परंतु त्याची दिशा भोवऱ्याच्या दांड्याप्रमाणे संथपणे फिरते. एका फेरीस सुमारे २५,८०० वर्षे लागतात. परिणामी वसंतसंपात नक्षत्रांच्या संदर्भात मागे सरकतो. संपातापासून संपातापर्यंतचे सायन वर्ष हे ऋतूंचे वर्ष होय. ताऱ्यापासून त्याच ताऱ्यापर्यंतचे निरयन वर्ष त्याहून सुमारे २० मिनिटांनी मोठे असते. हा फरक साचत जाऊन सुमारे ७१ वर्षांत एक दिवसाचा होतो. १८६३ मध्ये मकरसंक्रांत १२ जानेवारीस होती, आज ती १४ वा १५ जानेवारीस येते. सूर्याचे उत्तरायण मात्र २१-२२ डिसेंबरलाच सुरू होते.

सायन-निरयन वाद :

महाराष्ट्रातील पंचांगे दीर्घकाळ गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघव' (इ.स. १५२०) या ग्रंथावर आधारित होती. त्यातील गणित आणि प्रत्यक्ष वेध यांत तफावत पडू लागल्याने केरो लक्ष्मण छत्रे (१८२५-१८८४) यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' सिद्ध केली. त्यांच्या गणितावरील पंचांग पुढे 'पटवर्धनी' म्हणून ओळखले गेले. ही सुधारणा ग्रहगणिताची होती. वर्ष निरयनच राहिले.

विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३-१८९८) यांनी त्यापुढचा प्रश्न उपस्थित केला. धर्मकृत्ये ऋतूंशी बांधलेली आहेत, तर पंचांग ऋतूंना धरून का नसावे, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी सायन पंचांग काढले. दीक्षितांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिःशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' या ग्रंथात या मताची साधार मांडणी केली. लोकमान्य टिळकांनी 'ओरायन' (१८९३) मध्ये याच संपातचलनाचा उपयोग वेदकालनिर्णयासाठी केला. पंचांगाच्या व्यवहारात मात्र ते शुद्ध निरयन पक्षाचे होते.

समाजाने सायन पंचांग स्वीकारले नाही. त्यामागे केवळ अज्ञान होते, असे म्हणता येत नाही. सायन गणनेने संक्रांत तीन आठवडे आधी आली असती आणि अनेक वर्षी सणही महिनाभर आधी आले असते. शिवाय निरयन गणनेत नक्षत्राचे नाव आणि आकाशातील तारकापुंज यांचा मेळ राहतो, सायन गणनेत तो तुटतो.

राष्ट्रीय दिनदर्शिका :

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमण्यात आली. नागपूरचे डॉ. के. ल. दफ्तरी आणि 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर हे तिचे सदस्य होते. समितीने सायन सौर वर्षाची शिफारस केली आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तीत वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे आहेत. जुलैच्या सुमारास पृथ्वी सूर्यापासून दूर असल्याने तिची गती मंदावते, म्हणून ही योजना. अशा रीतीने दीक्षितांचे तत्त्व शासकीय कालगणनेत मान्य झाले. सणांची पंचांगे मात्र निरयनच राहिली.

समारोप :

या वादाचा परिणाम धर्मकृत्यांपुरता मर्यादित नाही. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात सायन आणि निरयन गणना जवळपास एकच होत्या, असे आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या चित्रापक्षानुसार मानले जाते. त्या काळी सूर्य आजच्या गणनेतील मृग नक्षत्रात ऋतुमानाने मेच्या मध्यास, म्हणजे ऐन उन्हाळ्यात प्रवेश करीत असे. आज तो प्रवेश पावसाच्या तोंडावर होतो आणि सुमारे १३ हजार वर्षांनी तो हिवाळ्यात जाईल. मृग आणि पेरणी यांचा मेळ हा आपल्या कालखंडापुरता आहे. पूर्वजांनी तो निरीक्षणाने ओळखला, यात त्यांची दृष्टी दिसते. परंतु तो शाश्वत मानणे हे त्या दृष्टीशी विसंगत ठरेल. ऋतूंचे कारण शिकविताना दीक्षितांचा हा वाद विद्यार्थ्यांपुढे ठेवला, तर आसाचा कल हा पाठांतराचा विषय न राहता स्वतःच्या गावाच्या इतिहासाचा भाग होईल.