अल्मा-आटाचा जाहीरनामा आणि दलितवस्तीतला हापसा

आरोग्याचा आंतरराष्ट्रीय कायदा माणसाच्या कळवळ्यातून जन्मला, असे कोणी सांगू लागला तर त्याला १८९७ साल दाखवावे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी युरोपातील राष्ट्रे व्हेनिसला जमली. करार झाला तो प्लेग आपल्या बंदरांत उतरू नये म्हणून. इकडे इंग्रज सरकारने त्याच साली साथरोगांचा कायदा केला आणि पुण्यात घराघरांत सोजीर घुसवले. रोगी कोणत्या वस्तीत राहतो, कुठले पाणी पितो, हा त्या करारापुढचा प्रश्नच नव्हता.

१९४६ साली जागतिक आरोग्य संघटनेची घटना झाली. उत्तम आरोग्य हा प्रत्येक माणसाचा हक्क. वंश, धर्म, राजकीय मत, आर्थिक वा सामाजिक स्थिती यांचा भेद त्याच्या आड येणार नाही, असे तिच्या प्रास्ताविकात आहे. जात हा शब्द नाही. तो ‘सामाजिक स्थिती’त शोधावा लागतो, आणि शोधणार कोण?

नगर जिल्ह्यात (आजच्या अहिल्यानगरात) तो शोधावा लागत नव्हता. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा हगवणीचा माग काढत गेले की माणूस पाणवठ्यावर येऊन थांबे, आणि पाणवठा सवर्णांचा असे. महाडला बाबासाहेबांनी १९२७ साली पाण्याला हात लावला. खेड्यातली दलित बाई मात्र अजून कोणी वरून पाणी घालील म्हणून घागर घेऊन ताटकळत होती. आरोळे दांपत्याने उपदेश केला नाही. कूपनलिका दलितवस्तीत घेतल्या, हापसे तिथे बसवले. दुष्काळाची वर्षे होती. ज्यांना पाणी हवे ते तिकडे आले. यामुळे विटाळ संपला असे मात्र कोणी समजू नये.

शिकलेल्या परिचारिका खेड्यात रुळेनात, म्हणून गावातल्याच बाया निवडल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित. शिकताना सर्व जातींच्या बाया एकत्र राहिल्या, एकत्र जेवल्या. दलित सुईण नाळ कापायला पूर्वीही चालतच होती. आता तिने सांगितलेले ऐकावे लागले, हा फरक लहान नाही.

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या ग्रंथात जामखेडची हकिकत आली. सप्टेंबर १९७८ मध्ये सोव्हिएत संघातील अल्मा-आटा येथे १३४ देशांनी सर्वांसाठी आरोग्याचा जाहीरनामा मंजूर केला. त्यात शुद्ध पाणी आहे, गावपातळीवरचे आरोग्य कार्यकर्ते आहेत, आरोग्यसेवेच्या आखणीत सहभागी होण्याचा लोकांचा हक्क आहे. देशांतर्गत विषमताही आहे. पण हापसा कोणत्या आळीत बसवायचा, हा जामखेडचा खरा धडा त्यात नाही. शिवाय जाहीरनामा म्हणजे करार नव्हे. तो मोडला म्हणून कोणत्याही सरकारला कोर्टात खेचता येत नाही. १९७९ पासूनच ‘निवडक’ आरोग्यसेवेचा विचार पुढे आला. लसी मोजता येतात, मीठ-साखरेच्या पाण्याच्या पुड्या मोजता येतात. पाणवठ्याची मालकी मोजायला कोणी बसले नाही.

मग बांधील करार कुठलाच नव्हता काय? होता. वांशिक भेदभावाविरुद्धचा १९६५ चा आंतरराष्ट्रीय करार. त्याच्या पाचव्या कलमात सार्वजनिक आरोग्य व वैद्यकीय सेवेचा समान हक्क आहे, आणि भेदभावाच्या व्याख्येत ‘वंश’, ‘वर्ण’ यांबरोबर ‘जन्मकुळ’ हा आधारही आहे. ही भर कोणी सुचवली? भारताच्या प्रतिनिधींनी. १९६८ साली भारताने करारावर शिक्कामोर्तब केले. दलितवस्तीतल्या हापशासाठी याहून जवळचा कायदा जगात नव्हता. पण १९९६ साली करारावर देखरेख करणाऱ्या समितीपुढे भारत सरकारने सांगितले की जात या करारात बसत नाही. २००१ च्या दरबान परिषदेतही जातीची चर्चा नको, हाच सरकारचा हट्ट होता. २००२ साली समितीने ‘जन्मकुळा’त जात येते असा स्पष्ट निर्वाळा दिला आणि दलितांना आरोग्यसेवा समान मिळावी असेही बजावले. २००७ साली भारत सरकार त्याच समितीपुढे पुन्हा उभे राहिले आणि जुनेच उत्तर देऊन परत आले.