अमेरिकेतील जोडीदाराकडे जाताना

अमेरिकास्थित वराशी विवाह झाला की वधूचा तिकडे जाण्याचा मार्ग मोकळा झाला, असे अनेक कुटुंबे गृहीत धरतात. प्रत्यक्षात वर नागरिक आहे की केवळ ग्रीनकार्डधारक, यावर बरेच काही अवलंबून असते. नागरिकाच्या पत्नीला व्हिसाच्या वार्षिक संख्येची मर्यादा लागू होत नाही. ग्रीनकार्डधारकाच्या पत्नीला होते आणि त्यामुळे प्रतीक्षा लांबू शकते. लग्न ठरवतानाच हे विचारून घेतलेले बरे.

पतीने अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाकडे 'आय-१३०' अर्ज दाखल करावयाचा असतो. तो मंजूर झाल्यावर प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तेथे शुल्क, पत्नीचा 'डीएस-२६०' अर्ज आणि पतीचे आर्थिक हमीपत्र द्यावे लागते. हमीदाराचे उत्पन्न सर्वसाधारणपणे तेथील दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. त्यानंतर वैद्यकीय तपासणी व मुलाखत. भारतातील अशा मुलाखती प्रामुख्याने मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत होतात.

आपल्याकडे खरी अडचण नावांची. लग्नात मुलीचे आडनावच नव्हे, कधी नावही बदलते. जन्मदाखला, पारपत्र आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर निरनिराळी नावे असल्यास अर्जात ती सर्व नमूद करावीत व बदलाचा पुरावा जवळ ठेवावा. विवाह खरा असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. त्यासाठी नुसता लग्नाचा अल्बम पुरेसा ठरेलच असे नाही, उभयतांमधील पत्रव्यवहार व भेटींचे पुरावेही हवेत.

अमेरिकेत प्रवेश करताना विवाहाला दोन वर्षे झाली नसतील, तर ग्रीनकार्ड दोन वर्षांपुरते व सशर्त मिळते. त्याची मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पती-पत्नींनी संयुक्तपणे 'आय-७५१' अर्ज करावयाचा असतो.