हयातीचा दाखला आणि नागपूर

१८७७ साली बंगालमधल्या हुगळी जिल्ह्यात विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज दंडाधिकारी पेन्शन घ्यायला येणाऱ्यांच्या बोटांचे ठसे घेऊ लागला. पेन्शनर वारला तरी त्याच्या नावावर दुसराच कोणी येऊन पैसे उचलतो, हा त्याचा संशय होता. त्याच वर्षी १ जानेवारीला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले त्या दिवशी, नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे नऊ वर्षांनी या गिरणीने आपल्या माणसांसाठी पेन्शन फंड काढला. उतारवयात हाती चार पैसे येतील हा शब्द नागपूरच्या गिरणीने दिला, आणि ते घेणारा जिवंत आहे ना हे तपासण्याची युक्ती हुगळीच्या कचेरीने काढली. आज नागपूरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये आजोबा मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे पापणी मिचकावतात, तेव्हा या दोन्ही गोष्टी त्या एका क्षणात एकत्र आलेल्या असतात.

नागपूरचा पेन्शनशी संबंध मात्र गिरणीहून जुना. नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. औरस वारस नव्हता, आणि डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्याला गेले. राण्या आणि त्यांचे नातलग कंपनी सरकारचे पेन्शनर झाले. राण्यांनी दत्तक घेतलेल्या जानोजींना १८५७ च्या उठावानंतर सरकारने ‘राजाबहादूर ऑफ देऊर’ हा किताब आणि साताऱ्याकडचे देऊर गाव दिले. काल ज्यांच्या सहीने नेमणुका मिळत होत्या, त्यांची नेमणूक आता कारकुनाच्या वहीत एका ओळीत मावली.

राजघराण्यांच्या, इनामदारांच्या आणि निवृत्त नोकरांच्या अशा पेन्शनी देशभर वाढल्या, तेव्हा १८७१ साली पेन्शन कायदा आला. त्याने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले. कर्जापायी सावकाराला पेन्शनवर जप्ती आणता येणार नाही, आणि पुढे मिळायची पेन्शन कुणाच्या नावे आधीच लिहून देता येणार नाही, हे त्याने ठरवले. पण सरकारने पेन्शनच नाकारली, तर कलेक्टरच्या दाखल्याशिवाय दिवाणी कोर्टात दाद मागायची सोय ठेवली नाही. पेन्शन हा हक्क नव्हे, सरकारची मेहेरबानी, हा त्यामागचा विचार होता. तो पुसायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

कोषागाराचा, म्हणजे ट्रेझरीचा, नियम सरळ होता. पेन्शनरने स्वतः यावे, अधिकाऱ्याने कागदावर नोंदलेली उंची, तीळ, व्रण यांच्या खुणा पटवाव्यात, मग पैसे द्यावेत. या नियमाला दोन महत्त्वाचे अपवाद होते: चारचौघांत न वावरणाऱ्या स्त्रिया, आणि आजारामुळे येऊ न शकणारी माणसे. त्यांच्यासाठी दंडाधिकारी, मुन्सफ, पोस्टमास्तर किंवा पोलीस ठाण्याचा अंमलदार अशा एखाद्या जबाबदार माणसाने ‘ही व्यक्ती आज हयात आहे’ असे लिहून सही केली की भागत असे. हयातीचा दाखला तो हाच. म्हणजे ज्याला येता येत नाही त्याच्यावतीने दुसऱ्या कुणीतरी साक्ष द्यायची, यासाठीच हा कागद जन्माला आला.

गिरणीतली पेन्शन वेगळ्या गरजेतून आली. जुम्मा तलावाजवळची दलदल भरून टाटांनी गिरणी उभारली तेव्हा एका सावकाराने, हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे, असे म्हणत कर्ज नाकारल्याची गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. खरी अडचण निघाली ती कामगारांच्या गैरहजेरीची. पाचातला एक जण रोज कामावर नसे. टाटा आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी दंडाऐवजी बक्षिसे, विमा, फंड अशा वाटा धरल्या. १८८६ मध्ये पेन्शन फंड निघाला, १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. ब्रिटनमध्ये सरकारी वृद्ध पेन्शनचा कायदा व्हायला १९०८ उजाडले, हे ध्यानात घेतले तर नागपूरची ही तारीख किती आधीची हे कळते. बेझनजींचे नाव उत्तर नागपुरातल्या बेझनबागेने टिकवले आहे. गिरणी मात्र टिकली नाही. १९८६ मध्ये ती टाटांकडून राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. तिच्या जागेवर आता मॉल आहे.

दरम्यान नागपूर सरकारी नोकरांचे शहर झाले होते. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी बनले. सचिवालय, कोषागार, पुढे १९३६ मध्ये हायकोर्ट, असा पसारा सिव्हिल लाइन्सच्या झाडीत वाढत गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत राजधानीपण गेले. कर्मचाऱ्यांपैकी काही भोपाळला गेले, काही मुंबई राज्यात आले. निवृत्त झालेल्यांचे काय, हा प्रश्न उरला. एका राज्याची चाकरी केलेल्या माणसाला दुसऱ्या राज्याने पोसायचे होते, म्हणून कायद्यातच पेन्शनचा भार वाटून घ्यावा लागला. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या राज्य कर्मचाऱ्यांची पेन्शन मंजूर करणारे महालेखापालांचे कार्यालय आजही सिव्हिल लाइन्समध्येच आहे. नागपूरकर त्याला ‘एजी ऑफिस’ म्हणतात. पेन्शनचे कागद ‘एजीला गेले’ की घरातला जीव भांड्यात पडतो, आणि ‘एजीतून त्रुटी लागली’ की झोप उडते.

मेहेरबानीची भाषा सुप्रीम कोर्टाने मोडली. १९७१ च्या देवकीनंदन प्रसाद खटल्यात पेन्शन हा मालमत्तेसारखा हक्क ठरला. १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा खटल्याचा निकाल लागला. आधी निवृत्त झालेला आणि नंतर निवृत्त झालेला यांच्यात तारखेची रेघ ओढून भेद करता येणार नाही, असे सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितले. पेन्शनर संघटना १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात. योगायोग असा की अनेक वर्षी त्या सुमाराला नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असते, आणि मोर्चेकऱ्यांत पिकल्या केसांची संख्या कमी नसते.

कारण साऱ्यांची पेन्शन सारखी नाही. खासगी कारखान्यांतल्या कामगारांसाठी १६ नोव्हेंबर १९९५ पासून ‘ईपीएस-९५’ ही पेन्शन योजना लागू झाली. तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरली. ती वाढवावी म्हणून चाललेल्या देशव्यापी आंदोलनाचे केंद्र विदर्भातच, बुलढाण्यात आहे. ज्यांनी कुणाची पक्की नोकरीच केली नाही, अशांसाठी राज्याने १९८० मध्ये, बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना, संजय गांधी निराधार अनुदान योजना काढली. पासष्टी ओलांडलेल्या गरिबांसाठी श्रावणबाळ योजना आली. या दोन्हींत २०२३ पासून महिना १,५०० रुपये मिळू लागले. निराधाराच्या कागदांचा मार्ग एजीकडून नाही, तहसील कचेरीतून जातो. पण हयातीचा दाखला त्यालाही चुकत नाही.

केंद्र सरकारची पेन्शन १९७६ पासून टप्प्याटप्प्याने बँकांतून मिळू लागली आणि ट्रेझरीच्या खिडकीपुढची रांग बँकेत सरकली. नोव्हेंबर हा दाखल्याचा महिना ठरला. राज्य पेन्शनरांच्या याद्या बँकेत येतात, आपल्या नावापुढे सही किंवा अंगठा करायचा. पुण्या-मुंबईला किंवा परदेशात मुलांकडे गेलेल्या नागपूरकराला या एका सहीसाठी परतावे लागे, नाहीतर तिथल्या अधिकाऱ्याचा शिक्का मिळवावा लागे.

१० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ सुरू झाले. आधारशी जोडलेला बोटाचा ठसा किंवा बुबुळ यंत्राला दाखवले की दाखला तयार. हर्शेलचीच कल्पना, शाईशिवाय. पण सत्तरी-पंच्याहत्तरीत बोटांवरच्या रेषा झिजतात. आयुष्यभर सूत धरलेल्या, कोळसा उचललेल्या, धुणीभांडी केलेल्या हातांवर तर त्या आधीच पुसट असतात. यंत्र लाल दिवा दाखवी आणि जिवंत माणूस खिडकीपुढे उभा राही. म्हणून २९ नोव्हेंबर २०२१ रोजी चेहरा ओळखणारी सोय आली. ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन अ‍ॅप मोबाइलवर घ्यायची, चेहरा चौकटीत धरायचा, पापणी मिचकवायची. २०२४ च्या नोव्हेंबर मोहिमेत देशभरात एक कोटीहून अधिक डिजिटल दाखले तयार झाले.

या अ‍ॅपची एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. ते आधी पेन्शनरचा चेहरा मागतच नाही, ‘ऑपरेटर’चा मागते. पेन्शनर स्वतः ऑपरेटर होऊ शकतो, पण बहुतेक घरांत तिथे सून, नातू किंवा शेजारचा मुलगा असतो. जुन्या नियमातला तो सही करणारा पोस्टमास्तर इथे वेगळ्या नावाने पुन्हा आला आहे. दीडशे वर्षांत साधने बदलली, सोबतीला माणूस लागतो ही अट बदलली नाही. फरक इतकाच की पूर्वी त्या माणसाला नियमात नाव होते, अधिकार होता, जबाबदारी होती. आज हे काम घरच्यांनी बिनबोभाट करायचे असते, आणि ज्याच्या घरी कुणी नाही त्याने सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहायचे असते.

नागपुरात हे ओझे जास्तच जाणवते, कारण इथल्या एकाच गल्लीत पेन्शनच्या पाच तऱ्हा राहतात. रेल्वेतून निवृत्त झालेले, वेस्टर्न कोलफिल्ड्सचे, अंबाझरीच्या आयुध निर्माणीचे, राज्य सरकारचे शिक्षक, बुटीबोरीच्या कारखान्यातले. राज्याच्या पेन्शनरची महिन्याची चिठ्ठी ‘निवृत्तीवेतनवाहिनी’वर दिसते, सैन्यदलाचा कारभार ‘स्पर्श’वर आहे, भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनरला ‘उमंग’ अ‍ॅप उपयोगी पडते. त्या निधीचे नागपूरचे कार्यालय रघुजीनगरात आहे. ज्या घराण्याने पेन्शनर होण्याचे दुःख आधी भोगले, त्याच्याच नावाच्या वस्तीत.

मदतीच्या काही वाटा मात्र खरोखर चांगल्या झाल्या आहेत. २०२० पासून पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला काढून देतो, त्याचे शुल्क ७० रुपये आहे. अंथरुणाला खिळलेल्या पेन्शनरसाठी बँकेने माणूस घरी किंवा दवाखान्यात पाठवावा, असे केंद्राचे आदेश आहेत. ऐंशी ओलांडलेल्या केंद्रीय पेन्शनरांना नोव्हेंबरची वाट पाहावी लागत नाही, १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. आणि १४५६७ हा ‘एल्डर लाइन’चा फुकट क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो. पेन्शनची माहिती, घरातला छळ, बेवारस वृद्ध, कशासाठीही तिथे फोन करता येतो. महाराष्ट्रात तो पुण्याचे जनसेवा फाउंडेशन चालवते. या सेवेची सुरुवात २०१७ मध्ये हैदराबादेत झाली ती टाटा ट्रस्ट्सच्या पुढाकाराने. एम्प्रेस मिलचा फंड काढणाऱ्या घराण्याचाच हा वारसा आहे.

जिथे मदतनीस लागतो तिथे लुबाडणाराही पोहोचतो. ‘तुमची पेन्शन बंद होणार आहे, दाखला करून देतो, ओटीपी सांगा’ असे फोन नोव्हेंबरात हमखास येतात. पेन्शन देणारे कुठलेही कार्यालय फोनवर ओटीपी मागत नाही. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तात्काळ तक्रार करावी, कारण पहिल्या काही तासांतच रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. आणखी एक बारकावा: दाखला तयार झाला म्हणजे तो मंजूर झाला असे नाही. पीपीओचा (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) किंवा खात्याचा आकडा चुकला असेल तर बँक तो फेटाळू शकते. म्हणून दाखला मंजूर झाल्याची खात्री होईपर्यंत दाखल्यासोबत मिळणारा प्रमाण-क्रमांक जपून ठेवावा.

डिजिटल दाखला ही सोय आहे, सक्ती नाही. कागदावरचा दाखला आजही चालतो, तो आपल्या बँकेच्या कोणत्याही शाखेत देता येतो आणि त्याची पोच मागणे हा पेन्शनरचा हक्क आहे. चेहरा जुळत नसेल, बोट उमटत नसेल, घरी मोबाइल धरणारा कुणी नसेल, तर खिडकीवरच्या माणसाने ‘ऑनलाइनच करा’ म्हणून परत पाठवू नये. पाठवलेच तर पेन्शनरने तिथून हलू नये.