टेबलाच्या पलीकडच्यांसाठी
विधी ग्रंथपालांच्या व्यावसायिक साहित्याच्या सटीप सूचीची प्रस्तावना

कायद्याच्या ग्रंथालयातला माणूस दिवसभर दुसऱ्यांसाठी शोधत असतो. प्रिव्ही कौन्सिलचा जुना निवाडा कोणत्या खंडात आहे, दुरुस्ती होण्याआधी त्या कलमाचे शब्द काय होते, अमुक निवाडा पुढे कोणी फिरवला का, असल्या प्रश्नांची उत्तरे तो चहा गार व्हायच्या आत काढून देतो. पण त्यालाच विचारून पाहावे, की वकील न देता आलेल्या पक्षकाराला ग्रंथपालाने कुठवर मदत करावी, किंवा रिपोर्टांचा छापील सेट बंद करताना काय पाहावे, याबद्दल तुमच्याच व्यवसायात कोणी काय लिहून ठेवले आहे? बहुतेक वेळा उत्तर येते, "कुठेतरी वाचले होते." ते कुठेतरी म्हणजे कुठे, एवढे सांगता यावे म्हणून ही सूची केली आहे.

लिहिलेले काही कमी नाही. अमेरिकेतल्या कायद्याच्या ग्रंथपालांनी १९०६ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या नॅरागन्सेट पिअर इथे आपली संघटना स्थापन केली आणि दोनच वर्षांनी, १९०८ मध्ये, 'लॉ लायब्ररी जर्नल' सुरू केले. गंमत अशी, की हे नियतकालिक आणि कायदेविषयक नियतकालिकांची सूची ही दोन्ही सुरुवातीला एकाच वेष्टनातून निघत. म्हणजे व्यवसायाला वाचा फुटली तीच सूचीच्या सोबतीने. १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना झाली, १९६९ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडची. त्या दुसरीचे 'द लॉ लायब्ररियन' १९७० पासून निघू लागले आणि २००१ पासून ते 'लीगल इन्फर्मेशन मॅनेजमेंट' या नावाने निघते. शंभराहून अधिक वर्षांचा हा मजकूर आहे. त्यात बैठकांचे वृत्तांत आहेत, निवृत्त होणाऱ्यांचे गौरव आहेत आणि नव्या सॉफ्टवेअरची ओळख करून देणारे, वर्षभरात शिळे होणारे लेख तर ढिगाने आहेत. या ढिगातून कामाचे काय ते निवडायचे, तर नुसत्या शीर्षकांच्या यादीने भागत नाही.

म्हणून टिपणे. आता लेखाच्या माथ्यावर छापलेला सारांश असताना वेगळे टिपण कशाला, असे कोणी म्हणेल. सारांशात लेखक आपण काय केले ते सांगतो. टिपणात ते अर्ध्या ओळीत उरकायचे असते आणि मग खरे काम सुरू होते: हा लेख कोणाच्या कामाचा, कशाच्या आधारावर उभा, त्यातले काय जुने झाले, त्याला पुढे कोणी उत्तर दिले का. उदाहरणच घेऊ. कोलोराडो विद्यापीठातल्या विधी ग्रंथालयाच्या सुझन नेव्हेलो मार्ट यांचा 'लॉ लायब्ररी जर्नल'च्या १०९ व्या खंडातला २०१७ चा लेख. त्यांनी पन्नास शोध सहा वेगवेगळ्या कायदेविषयक डेटाबेसवर, त्याच शब्दांत आणि त्याच अधिकारक्षेत्रात, करून पाहिले आणि प्रत्येक ठिकाणचे पहिले दहा निवाडे ताडून पाहिले. सरासरी ४० टक्के निवाडे असे निघाले, जे सहांपैकी एकाच डेटाबेसने दाखवले होते. सहाही ठिकाणी आलेले निवाडे जेमतेम ७ टक्के. सारांश इथे थांबतो.

आमच्या टिपणात पुढचे आहे. त्या सहांपैकी रॅव्हेल हा डेटाबेस २०१७ मध्येच लेक्सिसने घेतला, केसटेक्स्ट २०२३ मध्ये वेस्टलॉच्या मालकांनी, म्हणजे थॉमसन रॉयटर्सने, घेतला, आणि फास्टकेस त्याच वर्षी व्हीलेक्समध्ये विलीन झाला. त्यामुळे मार्ट यांचे आकडे आज जसेच्या तसे उद्धृत करण्यात अर्थ नाही. पण त्यांची पद्धत कोणत्याही ग्रंथालयाला, पन्नास नव्हे, पाच शोध घेऊनसुद्धा आपल्याकडच्या वर्गणीच्या डेटाबेसवर लावून पाहता येईल. ज्याला वर्गणीच्या नूतनीकरणाच्या बैठकीत बसायचे आहे, त्याने हा लेख आदल्या दिवशी वाचावा. टिपण इतके रोखठोक असावे असे मला वाटते. सहकाऱ्यांपैकी काहींना ते आगाऊपणाचे वाटते, आणि तो मतभेद मिटलेला नाही.

मार्ट यांचा लेख इतका वेळ धरून ठेवण्याला कारण आहे. या साऱ्या साहित्याच्या पोटातून एक प्रश्न सतत वाहतो आणि सूची करणाऱ्याला तो टाळता येत नाही: शोधायचे साधन काय सापडेल हे ठरवते का? बर्कलीचे ग्रंथपाल रॉबर्ट बेरिंग यांनी १९८७ मध्ये कॅलिफोर्निया लॉ रिव्ह्यूमध्ये तो नीट मांडला. वेस्ट कंपनीच्या संपादकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या निवाड्यांना हेडनोट देऊन प्रत्येक हेडनोट एका ठरलेल्या विषयात आणि क्रमांकात बसवली. वर सात मोठे विभाग: व्यक्ती, मालमत्ता, करार, अपकृत्ये, गुन्हे, उपाय, शासन. वकिलांच्या पिढ्यांनी याच खणांतून कायदा शोधला. बेरिंग यांचे म्हणणे असे, की शोधता शोधता ते याच खणांत विचारही करू लागले. साहित्याच्या रूपाने आशयाला आकार दिला.

दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, कायद्याचे प्राध्यापक रिचर्ड डेल्गाडो आणि ग्रंथपाल जीन स्टेफान्सिक यांनी स्टॅनफर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये हाच धागा पकडला आणि थेट राजकारणापर्यंत नेला. लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षके, कायदेविषयक नियतकालिकांची ती १९०८ ची सूची आणि वेस्टचे डायजेस्ट या तिघांना त्यांनी एकात एक गुंफलेल्या तीन पेडांची उपमा दिली आणि म्हटले, की पेशीतला डीएनए स्वतःची प्रत काढतो तशी ही व्यवस्था जुना विचार पुन्हा पुन्हा निर्माण करते. ज्या कल्पनेला शीर्षकच नाही, ती सुधारकाला सापडणार कशी? माझ्या मते विधी ग्रंथालयशास्त्रातले हे सर्वांत अस्वस्थ करणारे लेखन आहे, आणि ते ग्रंथपालांच्या नियतकालिकात आलेलेच नाही. बेरिंग यांचाही लेख तिथला नाही. म्हणून या सूचीची हद्द आम्ही नियतकालिकांच्या नावांवरून आखली नाही. ग्रंथपालाच्या टेबलावरचा प्रश्न ज्यात आहे ते आत, मग ते कुठेही छापलेले असो.

हे वाचून झाल्यावर सूची करायला बसणे अवघड जाते. आपणही खणच पाडत असतो. १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बाउंड्स विरुद्ध स्मिथ या निवाड्यात सांगितले, की कैद्यांना न्यायालयापर्यंत पोहोचता यावे म्हणून तुरुंगांनी पुरेशी विधी ग्रंथालये किंवा कायदा जाणणाऱ्यांची पुरेशी मदत पुरवली पाहिजे. १९९६ मध्ये लुईस विरुद्ध केसी या निवाड्यात त्याच न्यायालयाने हा हक्क बराच आक्रसून घेतला. या दोन निवाड्यांभोवती तुरुंग ग्रंथालयांवर पुष्कळ लेखन झाले. ते 'ग्रंथालयांचे प्रकार' या खणात टाकायचे की 'न्यायाची वाट' या खणात? पहिल्या खणात ते तुरुंगाच्या ग्रंथपालालाच दिसेल. दुसऱ्यात ते जिल्हा न्यायालयाच्या ग्रंथपालालाही दिसेल आणि मोफत विधी सहाय्याचे काम करणाऱ्यालाही. आम्ही दुसरा खण मुख्य धरला आणि पहिल्यातून तिकडे बोट दाखवले. असे निर्णय जागोजागी घ्यावे लागले. म्हणून प्रत्येक शीर्षकाखाली ते का निवडले याची दोन ओळींची नोंद आहे आणि प्रत्येक टिपणाखाली लिहिणाऱ्याची आद्याक्षरे आणि तारीख आहे. निनावी टिपण वाचकाला सर्वज्ञ वाटू लागते. आद्याक्षरे दिसली, की निदान भांडायला कोणीतरी मिळते.

सर्वांत जाड विभाग झाला तो सल्ला आणि माहिती यांच्यामधल्या रेघेचा. टेबलाशी येऊन कोणी विचारतो, "साहेब, भाडेकरूला काढायचे तर कोणते कलम लावू?" कायद्याचे पुस्तक काढून देणे ही माहिती झाली. "हे कलम लावा" म्हणणे हा सल्ला झाला. आणि त्या पुस्तकाचे नेमके पान उघडून, बोट ठेवून समोर सरकवणे? रॉबिन मिल्स यांनी १९७९ मध्ये 'लॉ लायब्ररी जर्नल'मध्ये ही रेघ ओढता येते तरी का, असा प्रश्न थेट शीर्षकातच विचारला, आणि तेव्हापासून त्यावर कोणी ना कोणी लिहीतच आहे. परवान्याशिवाय वकिली केल्याचा ठपका येईल या भीतीने ग्रंथपाल गरजेपेक्षा जास्त गप्प बसतात, असे एक म्हणणे. अर्धवट मदतीने पक्षकाराचेच नुकसान होते, असे दुसरे.

हा विभाग वाचताना आपल्याकडच्या ग्रंथपालाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेत वकिलीचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, त्यामुळे तिथले निष्कर्षही त्या त्या राज्यापुरतेच. आपल्याकडे ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम २९ नुसार वकिलीचा हक्क फक्त ॲडव्होकेटचा आहे, आणि बार कौन्सिल ऑफ इंडिया विरुद्ध ए. के. बालाजी या २०१८ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की वकिली म्हणजे फक्त कोर्टात उभे राहणे नव्हे. कोर्टाबाहेरचे कायदेशीर कामही त्यात येते. तो वाद परदेशी लॉ फर्म्सबद्दल होता, ग्रंथपालांबद्दल नव्हे. तरीही टेबलामागे बसणाऱ्याने तो एकदा वाचलेला बरा.

छापील की डिजिटल या वादावरच्या नोंदी आम्ही हात आखडता घेऊनच निवडल्या, कारण त्याच मुद्द्यांची उजळणी फार होते. २००८ च्या अखेरीस ड्यूक विद्यापीठात जमलेल्या विधी ग्रंथालय संचालकांनी काढलेले डरहॅम निवेदन (२००९) आणि त्याच्यावरची टीका एवढे वाचले, की कणा हाती येतो. विधी महाविद्यालयांनी आपली नियतकालिके छापणे थांबवून ती टिकाऊ आणि खुल्या डिजिटल स्वरूपात ठेवावीत, ही त्यांची मागणी होती. टिकाऊ म्हणजे किती, हा प्रश्न लगेच निघाला. झिट्रेन, अल्बर्ट आणि लेसिग यांच्या पाहणीत हार्वर्डच्या विधी नियतकालिकांतले ७० टक्क्यांहून अधिक आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांतले निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत पोहोचत नव्हते. त्यातूनच हार्वर्डच्या ग्रंथालयाने २०१३ मध्ये दुवे जपून ठेवणारी पर्मा ही सोय उभी केली. या सूचीतही दुवे आहेत. पण आधी खंड, वर्ष, पान, आणि दुवा सर्वांत शेवटी. दुवा मेला तरी नोंद जिवंत राहावी.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा विभाग सर्वांत नवा आणि सर्वांत कच्चा आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात माटा विरुद्ध एव्हियान्का या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले आणि ५,००० डॉलरचा दंड भरला. त्यानंतर जो लेखांचा पूर आला त्यातला बराचसा नुसत्या इशाऱ्यांचा आहे. मोजमाप करणाऱ्या लेखांना आम्ही वरची जागा दिली. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये खास कायद्यासाठी बनवलेली नामांकित साधने तपासली, तेव्हा त्यांची उत्तरे १७ ते ३३ टक्के वेळा भ्रामक निघाली. मार्ट यांचा २०१७ चा लेख यांच्याशेजारी ठेवून वाचावा. साधन बदलले, ते आतून काय निवडते हे न दिसण्याची अडचण जुनीच आहे.

एक उणीव मोठी आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. या सूचीत भारतातले लेखन थोडे आहे, आणि मराठीतले त्याहून थोडे. दिल्लीच्या इंडियन लॉ इन्स्टिट्यूटची भारतीय विधी नियतकालिकांची सूची १९६३ पासून आहे. तिने वकिलांची आणि अभ्यासकांची मोठी सोय केली. पण ती कायद्यावरच्या लेखांची आहे, कायद्याची पुस्तके सांभाळणाऱ्यांच्या लेखांची नाही. हायकोर्टाच्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या बार लायब्ररींमधून ज्यांनी आयुष्यभर 'बॉम्बे लॉ रिपोर्टर'चे १८९९ पासूनचे खंड बाइंडिंग करून राखले, त्यांनी आपल्या कामाविषयी लिहिले ते परिसंवादांच्या टंकलिखित निबंधांतून, संस्थांच्या वार्षिक अहवालांतून, कधी नव्या माणसासाठी ठेवलेल्या सूचनांच्या वहीतून. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआरवर मोफत मिळू लागल्यावर जुन्या सेटचे काय करायचे, हा निर्णय आज अनेक ठिकाणी कुठलीही नोंद न ठेवता घेतला जात आहे. तो कसा घेतला, काय ठेवले, काय काढले आणि वकील मंडळींनी किती आरडाओरडा केला, हे कोणी दोन पानांत लिहिले तरी ते या सूचीत येण्याजोगे आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली. त्या भाषेत या एका व्यवसायाची सूची भरून काढणे अशक्य म्हणता येणार नाही.

तेव्हा ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी ते पाठवावे. निबंध, अहवाल, भाषणाची प्रत, काहीही चालेल. छापलेले असलेच पाहिजे असे नाही. छायाप्रत पाठवताना शीर्षकाचे पान आणि ज्या पानावर वर्ष आहे ते पान सोबत जोडावे. वर्ष कुठेच नसेल तर मजकुरातल्या सर्वांत अलीकडच्या निवाड्यावरून आम्ही ते अंदाजाने ठरवू आणि तसे चौकटी कंसात नोंदवू.